मंद आचेचे जेवण : दमलेल्या सायंकाळसाठी जुनीच सोय

कामावरून किंवा शेतातून परतल्यावर चुलीपुढे तासभर उभे न राहता मुलांना वेळेवर गरम जेवण कसे द्यावे, हा प्रश्न शहरातील सदनिकेत जितका खरा आहे तितकाच गावातील घरातही आहे. पाश्चात्त्य देशांत त्यावर विजेच्या ‘स्लो कुकर’चा उपाय निघाला. आपल्याकडे चुलीची वैल आणि निखाऱ्यांची शेगडी हेच काम पूर्वीपासून करीत आली. आज कुटाराने भरलेल्या साध्या टोपल्यातही ते साधता येते. ही पद्धत कशी चालते, तिच्यात काय शिजते, काय शिजत नाही आणि मुलांच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी, याविषयी...

गिरड (जि. वर्धा) : समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे विदर्भात सर्वपरिचित आहे. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील भाविक येथे येतात. टेकडीवर विखुरलेले गोल दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी आख्यायिका सांगितली जाते. भूशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइट खनिजाचे गोळे आहेत. यात्रेकरूंना दिसणारे गिरड ते हे. गावाचा नित्याचा दिवस मात्र कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांच्या वेळापत्रकावर चालतो.

सोयाबीनची कापणी आणि त्यामागोमाग येणारी कापसाची वेचणी हे या भागातील सर्वाधिक धावपळीचे दिवस. वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे. सकाळचा स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा हे सारे उरकून शेत गाठायचे आणि दिवस मावळताना परतायचे, असा हा क्रम असतो. परतल्यावर पुन्हा पीठ, डाळ, भाजी आणि विस्तव. मुले तोवर भुकेजलेली असतात. धाकटे मूल तर अनेकदा ताट वाढण्यापूर्वीच झोपी जाते. नागपूरच्या कार्यालयातून किंवा मुंबईच्या लोकलमधून सायंकाळी साडेसातला घरी पोहोचणाऱ्या आईला हे चित्र परके वाटणार नाही.

घरकामाचा हा भार आकड्यांतही दिसतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या ‘वेळ वापर सर्वेक्षणा’नुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला देत होत्या, घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली; पुरुषांचीही नऊ कमी झाली. दोघांमधील अंतर होते तेथेच राहिले.

वेळ नव्हे, लक्ष वाचते

मंद आचेवर शिजवण्याने स्वयंपाकाचा वेळ कमी होतो, हा गैरसमज आहे. उलट तो वाढतो. भिजवलेली तुरीची डाळ प्रेशर कुकरमध्ये १५ मिनिटांत होते. मंद आचेवर तिला दोन तास लागतात. फरक इतकाच की, या दोन तासांत भांड्याजवळ कोणी थांबावे लागत नाही. शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, ढवळावे लागत नाही, उतू जाण्याची किंवा करपण्याची धास्ती नसते. त्या वेळात मुलाची अंघोळ होते, गृहपाठ होतो, पाणी भरून होते किंवा थोडा वेळ पाठ टेकता येते. या पद्धतीत वाचतो तो वेळ नव्हे, तर स्वयंपाक करणाऱ्याचे लक्ष. धावपळीच्या घराला नेमके तेच हवे असते.

यामागील शास्त्र साधे आहे. उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यातील पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यानंतर जाळ कितीही वाढवला तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. केवळ वाफ अधिक होते. खळखळ उकळणाऱ्या आणि बारीक आचेवर बुडबुडणाऱ्या वरणाचे तापमान जवळपास एकच असते. एकदा उकळी आल्यावर पुढील सारा गॅस किंवा लाकूड भांड्यातून बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यातच खर्ची पडते. ही उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर विस्तव विझवूनही अन्न शिजत राहते. मंद आचेच्या साऱ्या साधनांचे मर्म एवढेच आहे.

वैल, रोडगे आणि इकमिक कुकर

मातीच्या चुलीला जोडून असलेले दुसरे तोंड म्हणजे वैल. तिला स्वतंत्र जाळ नसतो. चुलीतील धग तिच्यात खेळते. चुलीवर भाकरी होत असताना वैलीवर वरण शिजत राही, दूध तापत राही. विदर्भातील रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात निवांत भाजले जातात. गोवरीच्या मंद धगीवर दिवसभर ठेवलेल्या दुधाला जाड साय धरते. ही सर्व उदाहरणे मंद आचेचीच आहेत. गॅसची शेगडी आली आणि वैल स्वयंपाकघरातून निघून गेली. तिच्याबरोबर ‘चुलीवर ठेवून विसरून जाण्याची’ सोयही गेली.

विस्तवाचा असा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्या कार्याचे सूत्रधार होते. संघाचे केंद्र असलेल्या मगनवाडीतून १९४७ मध्ये ‘मगन चूल’ पुढे आली. स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढावा आणि इंधन कमी लागावे, हा तिचा हेतू होता. सुधारित चुलींसाठी पुढे देशात ज्या मोहिमा झाल्या, त्यांच्या आधीचा हा प्रयत्न होता.

त्याही आधी, १९१० मध्ये, कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी थोडे निखारे आणि वाफेवर एकाच वेळी शिजणारे भात, डाळ, भाजी, अशी त्याची रचना होती. निखारे घालून कामाला जावे आणि परतल्यावर जेवावे, ही सोय असल्याने एकट्याने राहणाऱ्यांना तो विशेष उपयोगी पडे. मराठी घरांतही तो परिचित होता. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) हेच सूत्र ‘सराई कुकर’मध्ये वापरले. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या केल्या. अशा सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचे जेवण शिजते. पाचटापासून कोळसा करण्याच्या या कामाला २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

पेटी युरोपची, कुकर अमेरिकेचा

गवताने भरलेल्या पेटीत गरम भांडे ठेवून अन्न शिजवण्याची रीत युरोपात जुनी आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात अशी तयार पेटी ‘नॉर्वेजियन कुकर’ या नावाने मांडण्यात आली होती. महायुद्धांच्या काळात इंधनटंचाईमुळे तिचा वापर वाढला. दक्षिण आफ्रिकेत २००८ मध्ये वीजकपातीच्या दिवसांत हीच कल्पना कापडी पिशवीच्या रूपाने ‘वंडरबॅग’ म्हणून पुन्हा पुढे आली.

विजेच्या स्लो कुकरचा जन्म अमेरिकेतला. आयर्विंग नॅक्सन या संशोधकाला १९४० मध्ये अशा भांड्याचे पेटंट मिळाले. शब्बाथच्या आदल्या सायंकाळी गावातील भट्टीत रात्रभर शिजत ठेवल्या जाणाऱ्या ‘चोलंट’ या पदार्थाच्या, आईकडून ऐकलेल्या आठवणीवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. पुढे ‘रायव्हल’ या कंपनीने ती विकत घेऊन १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणली. नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रियांची संख्या तेथे वाढत असतानाचा तो काळ. सकाळी घालावे आणि सायंकाळी वाढावे, हे त्याचे आकर्षण होते.

विजेचा कुकर की कुटाराची पेटी?

दोन्हींचे तत्त्व एक असले तरी वापर सारखा नाही, आणि हा फरक न समजल्यास अन्न बिघडण्याचा धोका असतो.

विजेच्या कुकरमध्ये उष्णता सतत मिळत राहते. त्यामुळे ‘लो’वर सात-आठ तास किंवा ‘हाय’वर तीन-चार तास पदार्थ ठेवता येतो. दीडशे वॅटचा कुकर आठ तास चालला तर सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. भांडे निम्म्याहून अधिक, परंतु दोन-तृतीयांशाहून कमी भरलेले असावे. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा कमी घालावे. झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा. प्रत्येक वेळी शिजण्याचा अवधी २० ते ३० मिनिटांनी लांबतो. अडचण एकच, ती विजेची. घरी कोणी नसताना वीज बराच वेळ गेली, तर अन्न किती काळ कोमट राहिले हे कळण्यास मार्ग नसतो. असे अन्न शिजलेले दिसले तरी मुलांना देऊ नये, टाकून द्यावे. जेथे वीज बेभरवशाची आहे, तेथे या यंत्राचा उपयोग घरी माणूस असतानाच करणे इष्ट.

कुटाराच्या पेटीला वीज लागत नाही. परंतु तिच्यात उष्णता नव्याने येत नाही, असलेली केवळ टिकते. चांगल्या पेटीतही चार ते सहा तासांनंतर अन्न कोमट होऊ लागते. म्हणूनच सकाळी आठला पेटीत ठेवलेले वरण सायंकाळी आठला खाणे सर्वस्वी अयोग्य. पेटी ही दिवसभराची नव्हे, तर दीड-दोन तासांची सोय आहे. तिचा खरा उपयोग घरी परतल्यानंतर होतो, किंवा सायंकाळी पाचच्या सुमारास घरातील आजी-आजोबा भांडे उकळून आत ठेवू शकत असतील तेव्हा होतो.

पेटी कशी करावी?

यासाठी विकत काही आणण्याची आवश्यकता नाही. लाकडी खोके, मोठे टोपले किंवा जाड पुठ्ठ्याचे खोके पुरेसे होते. गावात तुरीचे किंवा सोयाबीनचे कोरडे कुटार, गव्हांडा अथवा वाळलेले गवत वापरता येते. शहरात जुन्या गादीतील कापूस, गोधडी किंवा लोकरी कपडे चालतात. कापूस हा उष्णता अडवून धरणारा उत्तम पदार्थ आहे. कापूसपट्ट्यात तो घरोघरी सापडतो.

भांड्याच्या तळाशी, चहूबाजूंनी आणि वर किमान अर्धी वीत, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा थर हवा. कुटार कापडी पिशव्यांत भरून त्या रचल्यास अन्नात कचरा पडत नाही. वरच्या बाजूसाठी भांड्याच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड उशी करावी. सर्वाधिक उष्णता वरूनच निसटते. भांडे जड बुडाचे आणि घट्ट झाकणाचे असावे. पूर्ण भरलेला मोठा गंज अर्ध्या भरलेल्या लहान पातेल्यापेक्षा अधिक काळ गरम राहतो. पेटी ओली होऊ देऊ नये. ओले कुटार उष्णता अडवत नाही आणि त्याला बुरशीही येते. दर आठ-पंधरा दिवसांनी पिशव्यांना ऊन द्यावे.

चुलीवरून उतरवलेल्या भांड्याच्या बुडाला निखारा किंवा ठिणगी चिकटलेली नाही, हे ओल्या फडक्याने पुसून पाहिल्याशिवाय ते पेटीत ठेवू नये. कुटार पेट घेण्यास वेळ लागत नाही. थर्मोकोलचे खोके वापरायचे असल्यास मध्ये जाड कापड घालावे, कारण उकळत्या भांड्याच्या स्पर्शाने थर्मोकोल मऊ पडते.

कोणते पदार्थ जमतात?

सायंकाळचा खरा भार भाजी-वरणाचा नसून भाकरी-पोळीचा असतो. भाकरी मंद आचेवर होत नाही. तिला तापलेला तवा आणि उभे राहणारे माणूस लागते. त्यामुळे धावपळीच्या दिवशी भाकरीवाचून पोट भरेल असा एकाच भांड्यातील पदार्थ निवडणे हे निम्मे काम हलके करण्यासारखे आहे. असे पदार्थ आपल्याकडे विपुल आहेत.

मूगडाळीची खिचडी : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ आणि साडेचार वाट्या पाणी. चिरलेला लाल भोपळा किंवा गाजर घालता येते. झाकण ठेवून पाच मिनिटे खळखळ उकळावे आणि तसेच पेटीत ठेवावे. सव्वा तासात मऊ खिचडी तयार होते. लहान मुलांसाठी सर्वांत भरवशाचा पदार्थ हाच.

ज्वारीच्या कण्या : विदर्भातील हा जुना पदार्थ मंद आचेसाठीच जन्मला असावा, असे वाटते. कण्या सकाळी भिजत घालाव्यात. सायंकाळी चौपट पाण्यात मिठासह दहा मिनिटे उकळून, तळाशी लागू नयेत म्हणून हलवून, पेटीत ठेवाव्यात. दीड ते दोन तासांत त्या फुलतात. मोठ्यांना ताक आणि तिखट फोडणीबरोबर, मुलांना दूध-गुळाबरोबर द्याव्यात.

तुरीचे वरण : डाळ सकाळी भिजवून ठेवावी. पेटीत तिला दोन तास लागतात. इतका वेळ नसल्यास प्रेशर कुकरची एक शिट्टी होताच गॅस बंद करून कुकर आहे तसा पेटीत ठेवावा. पाऊण तासात डाळ गळते. विहिरीचे पाणी जड असेल तर डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. त्यावर खायचा सोडा घालण्याची सवय मात्र बरी नव्हे; सोड्याने डाळीतील ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. चिंच, आमसूल, टोमॅटो, आंबाडी यांसारखे आंबट पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावेत. आधी घातल्यास ती दडदडीत राहते.

डाळभाजी : विदर्भातील लग्नाच्या पंगतीत हमखास असणारी ही भाजी घरच्या जेवणालाही सोयीची आहे. तुरीची व हरभऱ्याची भिजवलेली डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजवावेत. चिरलेला पालक अखेरीस घालून पाच मिनिटे उकळावे. डाळ, दाणे आणि पालेभाजी एकाच वाटीत आल्याने मुलांना वेगळी भाजी खाण्याचा आग्रह करावा लागत नाही.

बरबटीची उसळ : बरबटी म्हणजे चवळी. आदल्या रात्री भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात १५ मिनिटे उकळावी. पेटीत दोन ते अडीच तास लागतात. त्यामुळे सुटीच्या दिवशी किंवा घरी वडीलधारे असतील तेव्हाच हा बेत करावा.

वरणफळे : उरलेल्या वरणाचा दुसऱ्या दिवशीचा उपयोग. वरण रात्रीच शीतकपाटात ठेवलेले असावे. ते पाणी घालून खळखळ उकळावे, कणकेच्या पातळ पोळीचे तुकडे त्यात सोडावेत आणि १५ मिनिटे शिजू द्यावेत. येथे पेटी लागत नाही आणि भाकरीही लागत नाही.

कोंबडीचा रस्सा विजेच्या कुकरमध्ये उत्तम होतो. तुकडे हाडापासून सुटतात. मात्र गोठवलेले मांस थेट कुकरमध्ये घालू नये. ते पूर्ण सुटे झालेले असावे आणि आधी मसाल्यात परतून उकळी आणलेली असावी. पेटीत मांस शिजवणे टाळलेलेच बरे. भजी, पाटोडी, कुरकुरीत भेंडी हे पदार्थ मंद आचेचे नव्हेत. दूध व दही आरंभी घातल्यास फाटते. ते वाढताना घालावे.

सात ते साडेआठ : एक वेळापत्रक

सायंकाळी सातला घरी पोहोचणाऱ्या कुटुंबासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

सकाळी : डाळ-तांदूळ मोजून एका डब्यात ठेवावेत, तूरडाळ किंवा कण्या भिजत घालाव्यात. कडक उन्हाळ्यात भिजवलेले धान्य शीतकपाटात ठेवावे किंवा दुपारी कोणी तरी पाणी बदलावे. या कामाला पाच मिनिटे लागतात.

सायंकाळी ७ : हातपाय धुण्यापूर्वी पाणी उकळत ठेवावे. त्यात धान्य, हळद, मीठ घालावे.

७.१५ : भांडे पेटीत. मुलांच्या हाती मूठभर शेंगदाणे व गूळ, फुटाणे किंवा एखादे फळ द्यावे. भूक तेवढी थोपते आणि जेवणही मोडत नाही.

७.१५ ते ८.२० : स्वयंपाकघराबाहेरचा तास. अभ्यास, अंघोळ, विसावा.

८.२० : पेटी उघडावी, छोट्या कढल्यात फोडणी करावी, कांदा-काकडी चिरावी.

८.३० : जेवण.

घरी आजी-आजोबा किंवा लवकर परतणारे वडील असतील तर हाच क्रम दीड तास अलीकडे आणता येतो आणि धाकट्यांचे जेवण सातलाच आटोपते. भांडे उकळून पेटीत ठेवण्याच्या या कामाला स्वयंपाकाचे कौशल्य लागत नाही. ‘मला भाजी येत नाही’ ही पुरुषांची सबब येथे टिकत नाही, हा या पद्धतीचा एक गुण मानावा लागेल. उकळते भांडे उचलण्याचे काम मात्र लहान मुलांवर सोपवू नये.

६० अंशांचा नियम

मंद आचेच्या स्वयंपाकात चूक झाली तर ती चवीत कळत नाही, पोटात कळते; आणि मुलांना त्याचा त्रास अधिक होतो. साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भातात आढळणारा ‘बॅसिलस सिरियस’ आणि डाळ-मांसाच्या मोठ्या भांड्यांत वाढणारा ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ यांचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत. अन्न कोमट होताच ते जागे होतात. भातातील जंतूने एकदा विष तयार केले, तर भात पुन्हा तापवूनही ते जात नाही. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

• पेटीत जाणारे भांडे आतपर्यंत खळखळ उकळलेले असावे. केवळ कडेने आलेले बुडबुडे म्हणजे उकळी नव्हे.

• पेटीतून काढताना भांड्यातून भरपूर वाफ यावी आणि घास तोंडाला चटका देणारा असावा. ६० अंशांचे अन्न बोटाला सहन होत नाही. कोमट लागल्यास ते किती वेळ तसे असावे, याचा विचार करावा. शंका असल्यास टाकून द्यावे.

• शिजलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. वर्धा-नागपूरच्या उन्हाळ्यात हा अवधी एकच तास समजावा.

• उरलेले अन्न पेटीत किंवा कुकरमध्ये राहू देऊ नये. पसरट भांड्यात काढून लवकर थंड करावे आणि शीतकपाटात ठेवावे. ते पुन्हा गरम करण्यासाठी स्लो कुकर वापरू नये. गॅसवर उकळी आणावी.

• राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. कच्च्या राजम्यात ‘फायटोहीमॅग्लुटिनिन’ नावाचे विषारी द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे होतात. ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजल्यास हे द्रव्य कच्च्यापेक्षाही अधिक घातक ठरते. राजमा किमान पाच तास भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळल्यानंतरच मंद आचेवर ठेवावा.

मुलांचे ताट

वैदर्भीय स्वयंपाक तिखटासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे घरात मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी एक असे दोन स्वयंपाक होतात. मंद आचेच्या पद्धतीत हा दुहेरी खटाटोप आपोआप टळतो. मूळ पदार्थ हळद-मिठावर सपक शिजवावा. मुलांचा वाटा आधी काढून त्यावर तूप घालावे. उरलेल्यावर लसूण, मोहरी आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतावी. वरून दिलेल्या फोडणीचा वास अधिक दरवळतो, हा वेगळाच लाभ. लिंबू पिळल्यास चव येते आणि डाळ-पालकातील लोह अंगी लागण्यासही मदत होते.

साधन जुने, सोय आजची

गॅस, प्रेशर कुकर आणि विजेची उपकरणे आल्यावर स्वयंपाक जलद झाला, हे खरे. पण जलद स्वयंपाकालाही कोणीतरी उभे राहावेच लागते, आणि उभे राहणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. गिरडमध्ये वेचणीहून आलेली असो किंवा पुण्यात कचेरीतून आलेली असो, तिच्या हाती सायंकाळचा एक मोकळा तास यावा आणि मूल उपाशी झोपू नये, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी महागडे यंत्र हवेच असे नाही. घट्ट झाकणाचा गंज, टोपलीभर कुटार, सकाळी भिजवलेली मूठभर डाळ आणि ती उकळून पेटीत ठेवणारे घरातील दुसरे कोणी तरी, इतके पुरे आहे. यांपैकी शेवटची गोष्ट मिळवणे सर्वांत कठीण. पण सुरुवात तेथूनच व्हायला हवी.